चाक किती पुढे

पाच महिन्यांत मला अकरा फ्रेम सुचवण्यात आल्या. त्यातल्या चार कांग रुस्लान यांच्या स्वतःच्याच होत्या, जुन्या, आणि चारही म्हणे माझ्यासाठीच बनल्यासारख्या. आमच्या डोंगरावरच्या सायकल मंडळाचे ते दादा, म्हणून 'कांग'; मला ते 'नेंग' म्हणतात, इकडे पोरीबाळींना म्हणतात तसं. सायकलबद्दल त्यांना काही विचारलं की ते आधी हसतात, मग कॉफी मागवतात आणि मग आपण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात.

"नेंग, पोलादच घे."

"पोलादच घेणार आहे, कांग."

"बाकी सगळे प्लास्टिकचे डबे. तडकले की गेले कचऱ्यात. पोलाद कसं, गावातला वेल्डरसुद्धा जोडून देतो."

"पोलाद ठरलंय, कांग. मी मापाचं विचारतेय. पुढचं चाक जरा—"

"मापाचं काय एवढं? फ्रेमवर पाय टाकून उभं राहायचं. खाली चार बोटं उरली की आपलं माप. आम्ही जन्मभर असंच घेतलं."

असंच उभं राहून, असंच चार बोटं मोजून मी आताची सायकल घेतली होती. त्यांच्याकडूनच. आणि चहाच्या मळ्यात पंपघराजवळच्या वळणावर तिनं मला पाडलं होतं.

वेगात असते तर मी स्वतःला दोष देऊन गप्प बसले असते. पण वेग नव्हताच. उतारावर दोन्ही ब्रेक दाबून, हँडल पुरतं वळवून मी सावकाश उजवीकडे घेत होते. पायडलवरचा पाय पुढे आला होता, चाक वळून मागे आलं होतं, आणि पायाचं टोक चाकात जाऊन बसलं. हँडल सरळ होईना, पाय सुटेना. सायकल जागच्या जागी आडवी झाली. मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधलेली किनास, माझी दोन वर्षांची मुलगी, माझ्याबरोबरच खाली आली. कोपराला खरचटलं, हेल्मेटवर चरा उठला. एवढंच. हे 'एवढंच' म्हणायला मला कित्येक आठवडे लागले. वळणाच्या पलीकडे मळा संपतो आणि बारा फूट खाली ओढा आहे.

"पाय चाकाला लागतो?" कांग रुस्लान म्हणाले. "अगं, सगळ्यांचाच लागतो. सवय होते."

मला सवय करून घ्यायची नव्हती. मी दूध संघात नमुने तपासते. सकाळी किनासला सासूबाईंकडे सोडायचं आणि मग डोंगरातली चार संकलन केंद्रं करायची. सगळा रस्ता मुठीएवढ्या दगडांचा. मोटारसायकल नवरा घेऊन जातो बांडुंगला, त्याची नोकरी तिकडे. म्हणजे रोज मी, किनास आणि ते वळण. पडल्यापासून तिथे मी उतरून चालत होते आणि रोज उशिरा पोचत होते.

मग मी वाचायला लागले. किनास एकेक घास गालात धरून बसायची, तेव्हा मी फोनवर फ्रेमच्या मापांची कोष्टकं उघडून बसायची. खडीच्या रस्त्यांसाठी ज्या नव्या धाटणीच्या सायकली निघाल्या आहेत, त्यांच्यात पुढचं चाक चांगलं पुढे नेलेलं असतं. चाक धरणारा पुढचा फोर्क जास्त कललेला, फ्रेम लांब, आणि हँडल धरून ठेवणारा स्टेम अगदी आखूड. म्हणजे हात होते तिथेच राहतात, फक्त चाक पुढे सरकतं. उतारावर माणूस तोंडावर जात नाही आणि पाय मोकळा राहतो. इतकी साधी गोष्ट. पण पोलादात, नव्या धाटणीची आणि माझ्या उंचीची, अशी एकही फ्रेम मिळेना. सगळ्यात लहान म्हणून जी दाखवायचे ती माझ्याहून एक माप मोठी. आणि त्याहून लहान असेल तर ती चाक मागे ओढून लहान केलेली. मी एका दुकानाला लिहून विचारलं, तर उत्तर आलं की ही फ्रेम महिलांसाठी फिकट जांभळ्या रंगातही मिळते.

नवऱ्याचं नाव गुमिलार. मी त्यांना 'आ' म्हणते, दादा म्हणावं तसं. आमच्याकडच्या बायका म्हणतात. आंना जुन्या सायकली आवडतात, म्हणजे बघायला.

"वरचा पाइप आडवा सरळ हवा हं," ते म्हणाले. "उतरता नको. उतरता म्हणजे बाजारात जायची बायकी सायकल."

"सरळ पाइपावरून मी उतरणार कशी, आ? मागे किनास असते. पाय मागून नाही टाकता येत."

"अगं, पण फोटोत काय दिसते!"

"फोटोत मी पडलेली दिसेन."

ते बिचारे वरमले. आणि त्यांनीच मग अबाह जुहाना यांचं नाव काढलं. अबाह म्हणजे आजोबांच्या वयाचे. खाली चिपाराय गावात घराच्या पुढच्या खोलीत चाळीस वर्षं फ्रेम बनवतात. नळ्या हातानं कापतात, पितळेनं झाळतात. माझ्याहून बुटक्या माणसांच्याही फ्रेम केल्यात म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी किनासनं भात जमिनीवर ओतला तरी मी रागावले नाही.

पण अबाह प्रत्येक गोष्टीला 'होईल' म्हणतात.

पहिल्या भेटीत मी कोष्टकं कागदावर उतरवून नेली होती. पुढचं चाक इतकं पुढे हवं. होईल. फोर्क इतका कललेला. होईल. टायर जाड, त्याला जागा. होईल, होईल. वरचा पाइप उतरता, पण आ म्हणतात सरळ. तेही होईल. दोन्ही एकदम कसं होणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मोठ्या माणसाच्या तोंडून 'नाही' ऐकायची आमच्याकडे कुणाला सवय नाही आणि म्हणायची तर त्याहून नाही. अबाहांनी मला भिंतीला उभं करून मापं घेतली, वहीत लिहिली. माझा कागद घडी घालून वहीत ठेवला. तो त्यांनी परत उघडला असेल का, हे मी घरी जाताना सगळ्या चढावर विचारत राहिले. आ म्हणाले, "तू ना, माणसावर विश्वास ठेवायलाच शिकली नाहीस." बरोबर असेल. पण सायकलवरून पडलेली मी होते.

दुसऱ्यांदा बोलावलं ते एका रविवारी, पहिला काप करायला. अबाहांची पद्धत अशी की फ्रेम आधी पूर्ण मापात प्लायवूडच्या फळीवर काढायची, मालकाला दाखवायची, मग त्याच फळीवर केळीची पानं अंथरून सगळ्यांनी एकत्र जेवायचं. पानं उचलली की बिस्मिल्लाह म्हणून पहिली नळी कापायची आणि तिचं दुसरं टोक मालकानं धरायचं. तेवढ्यासाठी कांग रुस्लानही आले होते. जेवणासाठीच आले होते, खरं सांगायचं तर.

मी सकाळचं काम उरकून तशीच उतरले होते. उंबऱ्याबाहेर सगळ्यांच्या चपलांच्या रांगेत माझे गमबूट काढून ठेवले आणि आत गेले. फळी जमिनीवर आडवी होती. पेन्सिलीच्या रेघा, दोन मोठी वर्तुळं, मध्ये पायडल ज्याच्याभोवती फिरतात त्या क्रँकचं लहान वर्तुळ. इतके महिने आकडे बघितल्यावर ती अशी खरोखरीच्या मापात समोर पडलेली बघून मला एकदम गलबलून आलं. वरचा पाइप उतरता होता. आंनी पाहिलं आणि एक उसासा टाकला.

"पाय ठेव, नेंग," अबाह म्हणाले.

त्यांनी पुढच्या पायडलची जागा दाखवली. मी एक गुडघा टेकून दुसरं पाऊल आडवं त्या खुणेवर ठेवलं. अंगठा आणि चाकाचं वर्तुळ यांच्यामध्ये एक बोट जागा उरली.

"सुटला," कांग रुस्लान म्हणाले. "झालं समाधान?"

एक बोट. मला दोन वाटत होती. कागदावर मी दोनाहून जास्तच लिहून दिलं होतं.

"अबाह, अजून थोडं पुढे नाही का नेता येणार?"

"होईल की," अबाह म्हणाले. "पण सुटतोय ना पाय?"

"सुटतोय."

"मग?"

मी मान हलवली. काय म्हणून हलवली, कोण जाणे. आत भात शिजल्याचा वास सुटला होता आणि अंबू इतोह, म्हणजे अबाहांची बायको, दारात पानं घेऊन उभ्या होत्या. सगळे माझ्या मानेचीच वाट बघत होते.

पानं पडली. गरम भात, सुकी खारी मासळी, वांगी, कच्च्या भाज्या आणि अंबूंचा तो मिरच्यांचा ठेचा, सांबल, ज्यानं कांग रुस्लान यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी ते "तिखटच नाही" म्हणत राहिले.

"नेंगला घाला अजून," अंबू म्हणाल्या. "खाते कुठे ती? नुसती फळीकडे बघतेय."

"तिला सायकल नकोय, अंबू," कांग म्हणाले. "तिला नांगर हवाय. ते नवं माप बघितलंत? चाक इथे आणि माणूस तिथे!"

सगळे हसले. आ सुद्धा. मीही हसले, कारण हसणं सोपं होतं. पानाखालून माझ्या समोरच चाकाची रेघ जात होती. मी घास घेताना तिच्यावरून बोट फिरवून बघत होते. एक बोट.

पानं उचलली. पुढच्या चाकाच्या बरोब्बर मध्ये भाताचं एक शीत चिकटून राहिलं होतं, ते अंबूंनी नखानं काढलं. अबाहांनी खालच्या पाइपाची लांब नळी आणली. ही एकच होती, तीही जपानहून मागवलेली, बारीक आणि हलकी. त्यांनी तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळून काप आखला, नळी पकडीत बसवली आणि मला खूण केली. मी दुसरं टोक धरलं. अबाहांनी बिस्मिल्लाह म्हटलं आणि हॅक्सॉ ठेवला.

कापताना आवाज फार मोठा होत नाही. नळी मात्र हातात थरथरते, मूल तापात थरथरतं तशी. मी नजर दुसरीकडे वळवायची म्हणून दाराकडे पाहिलं. उंबऱ्याबाहेर चपलांची रांग होती. कांगच्या सँडल, आंचे बूट, आणि शेवटी माझे गमबूट, शेणानं बरबटलेले, गोल जाड नाकांचे.

आधी माझ्या मनात आलं की दुपारी ते धुवायला हवेत.

मग मी खाली माझ्या पायांकडे पाहिलं. मी अनवाणी होते. भिंतीला उभं करून मापं घेतली तेव्हा अनवाणी, फळीवर पाय ठेवला तेव्हा अनवाणी. इथे आत सगळेच अनवाणी. चाळीस वर्षं या खोलीत ज्यानं कुणी फळीवर पाय ठेवला, त्यानं तो चप्पल काढूनच ठेवला असणार, कारण चप्पल घालून कुणाच्या घरात कोण शिरतं? आणि मी, जी किनासच्या पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा तीनदा तपासते, मला हे एकदाही सुचलं नव्हतं.

हॅक्सॉ चालू होता. थांबा म्हणायला हवं होतं. पण बिस्मिल्लाह म्हणून झालं होतं, जेवण झालं होतं, मी मान हलवली होती. कदाचित एक बोट पुरेल, असं मी स्वतःला सांगितलं. गमबुटाचं नाक असून असून किती पुढे असेल? पातळ असेल. अबाहांच्या कपाळावर घाम आला होता. पोलादाचा बारीक चुरा माझ्या मनगटावर पडत होता. पातळ नसतं ते. मी रोज घालते.

"थांबा," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक निघाला की अबाहांनी अजून दोन फेऱ्या मारल्या.

"थांबा, अबाह!"

हॅक्सॉ थांबला. नळी अर्धी कापली गेली होती.

"काय झालं? लागलं का?" आ पुढे आले.

बोलले असते तर पुन्हा कुणीतरी 'होईल' म्हणालं असतं आणि मी पुन्हा मान हलवली असती. मी टोक सोडून बाहेर गेले, गमबूट पायात घातले आणि तशीच आत आले.

"गानिस! बूट!" आ ओरडले. नाव घेऊन. चारचौघांत ते कधी माझं नाव घेत नाहीत.

अंबूंनी तोंडावर हात ठेवला. मी फळीपाशी गेले, जिथे आत्ता आम्ही जेवलो होतो, आणि पायडलच्या खुणेवर आडवं पाऊल ठेवलं. गमबुटाचं नाक चाकाच्या रेघेच्या आत गेलं होतं. एक बोट नाही, चांगलं दोन बोटं आत. टाचेखालून शेणाचा एक वाळका तुकडा मागच्या चाकावर पडला.



"मी ह्यात चालवते," मी म्हणाले. "रोज. हेच घालून पडले."

"मग दुसरे बूट घे की," आ हळूच म्हणाले. "एवढं सोपं तर आहे."

मला त्यांना मारावंसं वाटलं, खरंच. "गोठ्यात चपला घालून जाऊ? आणि उद्या तुम्ही म्हणाल, पाय लहान करून घे."

"नेंग, अगं, सगळ्यांचाच—" कांगनी सुरुवात केली.

"तुमचा लागतो ना, कांग? तुमच्या मागे कोण बसतं?"

कांग माझ्या बुटाकडे बघू लागले.

अबाह वाकले. मला वाटलं ते आता फळी उचलून भिंतीला लावतील आणि अतिशय नम्रपणे मला चहा विचारतील, म्हणजे संपलंच. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला आणि गमबुटाच्या नाकाशी तोंड नेऊन बघितलं. बोटानं रेघ शोधली. मग त्यांनी ती अर्धी कापलेली नळी पकडीतून काढून कोपऱ्यात उभी केली.

"चाळीस वर्षं," अंबू म्हणाल्या. "चाळीस वर्षं लोकांचे नागवे पाय मोजतोय हा माणूस. बाहेर काय सगळे अनवाणी चालवतात?" आणि त्या हसल्या. एकट्याच.

"तू चूप," अबाह म्हणाले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही होणार."

मला नीट ऐकू आलं की नाही, कळेना. "काय?"

"नळ्या झाळताना ज्यात बसवतो, त्या माझ्या साच्यात नाही होणार. पुढची नळी इतकी कलती बसत नाही ह्याच्यात. तू पहिल्या दिवशी कागद दिलास, मी त्याच दिवशी बघितलं. म्हटलं, जमेल तेवढं करू, पोरीला कळणार नाही." त्यांनी चष्मा काढला. "साचा कापून नवीन भोकं पाडावी लागतील."

वाईट वाटायला हवं होतं. रागही आला, भरपूर आला. पाच महिने, तो कागद, ते सगळे 'होईल'. पण त्याखाली एक विचित्र मोकळेपणाही होता. इतक्या महिन्यांत कुणीतरी मला सरळ एक उत्तर दिलं होतं.

"मग नका करू," मी म्हणाले. "नसेल होत तर नको. पण अशी नको."

"नळी नवीन मागवावी लागेल. चार आठवडे."

"चालेल."

"लांबडी दिसेल. ताणलेल्या बकरीसारखी."

"दिसू दे."

"तुझा नवरा रडेल."

"रडू दे."

"मी इथेच आहे," आ म्हणाले.

अबाहांनी टेबलावरून पेन्सिल उचलली. वाटलं ते रेघ खोडायला वाकतील, पण त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मी घेतली. पायात अजून शेणाचे बूट होते. फळीवर गुडघे टेकवून मी चाकाचा मध्य पुढे नेला आणि एक फुली मारली. अबाहांनी खिळा आणि दोरी घेऊन फुलीवरून नवं वर्तुळ काढलं. मग मला खूण केली. मी गमबूट पुन्हा पायडलवर ठेवला. नाक आणि रेघ यांच्यामध्ये दीड बोट जागा होती. कांग रुस्लान आपण होऊन खाली बसले, आणि त्यांनी आपलं बोट घालून बघितलं.

"सुटला?" अबाहांनी विचारलं.

सगळे पुन्हा माझ्याकडे बघत होते. मान हलवली असती तर चहा आला असता, आंची मान खाली जायची थांबली असती, अबाहांना दुपारची झोप मिळाली असती. पावसाळ्यात गमबुटांत मी दोन मोजे घालते. दगडावर चाक उडतं तेव्हा पाय पायडलवर थोडा पुढे सरकतो. हे सगळं मला आत्ता, त्या क्षणी आठवत होतं, आणि किती तरी गोष्टी अजून आठवायच्या राहिल्या असतील याचीही भीती वाटत होती.

"अजून एक बोट," मी म्हणाले.

आंनी डोळे मिटले. अबाहांनी खिळा उपटला, ते वर्तुळ खोडून काढलं आणि दोरीचं टोक माझ्या हातात दिलं.

"धर घट्ट," ते म्हणाले.